लेकरू राखायचं तर

दारात चप्पल काढताना ताई आधी तिथं पडलेल्या चपला बघतात. लहान मापाच्या आहेत का, धड आहेत की तुटक्या, घरात जेवढी माणसं सांगितली तेवढ्याच जोडांचा मेळ बसतो का. आत गेल्यावर त्या पाणी मागतात. तहान असो नसो, मागतातच. पाणी कोण आणून देतं यावरून घरातलं बरंच कळतं.

त्या दिवशी तांब्या आणला नऊ वर्षांच्या मुलीनं. माठ कलता करून तिनं तळातलं पाणी काढलं, फ्रॉकला हात पुसले आणि जाणत्या बाईसारखं विचारलं, ‘‘चहा टाकू का?’’ तिच्यापेक्षा लहान दोन भावंडं अंगणात खेळत होती. आई वारली होती. बाप सकाळी कामावर जायचा तो रात्री उशिरा यायचा, कधी पिऊन. आजी होती, पण तिला दिसायचं कमी. गावातल्या कुणीतरी फोन करून सांगितलं होतं की ही लेकरं उघड्यावर पडलीत, त्यांना उचला आणि कुठंतरी आश्रमात टाका.

ताईंनी घरात बसून वहीत एक अक्षरही लिहिलं नाही. लिहायला लागलं की माणसांना पंचनामा चाललाय असं वाटतं आणि ती गप्प होतात, असा त्यांचा अनुभव. त्या मुलीशी शाळेबद्दल बोलल्या. खुंटीवरचं दप्तर काढून तिनंच वही दाखवली. वहीतली शेवटची तारीख दोन महिन्यांपूर्वीची. पिठाचा डबा अर्धा भरलेला होता. दाराला आतून कडी होती आणि ती नीट लागत होती. रात्री लेकरं कुठं झोपतात म्हटल्यावर आजीनं आपल्या गोधडीकडे बोट दाखवलं. शेजारच्या बाईनं सांगितलं, बाप पितो पण पोरांवर हात टाकत नाही, सणावाराला कपडे घेतो. परतीच्या एसटीत ताईंनी हे सगळं उतरवून काढलं. एवढ्या सगळ्या पाहणीतून त्यांना एकच गोष्ट ठरवायची होती : ही मुलं याच घरात राहू शकतात का, आणि राहायची तर त्या घराला काय काय लागेल?

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘राखण’ हा विषय कळवला, तेव्हा मला शेताची, गावाची राखण आठवायच्या आधी ही माणसं आठवली. बाल संरक्षणाच्या कामातले समाजसेवक, क्षेत्र कार्यकर्ते, समुपदेशक. बीड जिल्ह्यात त्यांच्याबरोबर हिंडून हा लेख लिहिला आहे. मुलांची, गावांची, घरांची ओळख यात कुठंही दिलेली नाही, काही तपशील मुद्दाम झाकले आहेत. अशा मुलाची ओळख उघड करणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार गुन्हा आहे. आणि कलम नसतं तरी ते बरोबर झालं नसतं. ताईंनी स्वतःचंही नाव लिहू नका म्हणून सांगितलं. गावात त्या सगळ्यांच्या ताईच आहेत.

चोवीस तास आणि पंधरा दिवस

मूल सापडलं की घड्याळ सुरू होतं. स्टेशनवर एकटं बसलेलं, हॉटेलात राबणारं, मारहाण झालेलं, कुणी टाकून दिलेलं. कायद्याच्या भाषेत ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक’. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत त्याला बाल कल्याण समितीपुढे हजर करावं लागतं. ते पोलिसांनीच करावं असं नाही. परिचारिका, समाजसेवक, एखादा जागरूक नागरिक, कुणीही करू शकतं. मूल स्वतःसुद्धा समितीपुढे येऊ शकतं. अध्यक्ष आणि चार सदस्य अशी ही पाच जणांची समिती असते आणि तिला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. कामातली माणसं तिला ‘सीडब्ल्यूसी’ म्हणतात.

बहुतेक प्रकरणांची सुरुवात १०९८ या क्रमांकावरून होते. रस्त्यावरच्या मुलांसाठी जेरू बिलिमोरिया यांनी १९९६ मध्ये मुंबईत, टाटा समाजविज्ञान संस्थेचा प्रकल्प म्हणून ही हेल्पलाइन सुरू केली आणि पुढे ती देशभर पोचली. २०२३ पासून ती सरकारच्या महिला व बालविकास यंत्रणेतून चालते आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडलेली आहे. फोन लागतो, नोंद होते. पण नोंदीनंतर कुणालातरी उठून तिथं जावंच लागतं.

रेल्वे स्टेशनवरून आणलेल्या अकरा-बारा वर्षांच्या एका मुलाशी बोलणं चाललं होतं, तेव्हा मी दूर बसून ऐकत होते. आधी त्याला जेवायला घातलं, आंघोळीला गरम पाणी दिलं. नाव त्यानं सांगितलं ते खोटं असावं हे सगळ्यांना कळत होतं. कुणी टोकलं नाही. गावाचं नावही बदलत होतं. मग समुपदेशक बाईंनी विचारलं, तुमच्या गावचा बाजार कोणत्या वारी असतो? ‘‘बुधवारी.’’ शाळेजवळ काय आहे? ‘‘पाण्याची टाकी, तिच्यावर पोपट काढलाय.’’ मूल गावाचं नाव लपवतं, पण बाजाराचा वार लपवायचं त्याला सुचत नाही. अशा धाग्यांवरून पोलीस ठाण्यांना फोन सुरू होतात. घर सापडलं म्हणून लगेच गाडीत बसवून पाठवून देत नाहीत, कारण तो घरून का पळाला हे अजून कुणाला ठाऊक नसतं. मारापायी पळालेल्या पोराला त्याच घरी नेऊन सोडलं, तर पुढच्या वेळी तो स्टेशनवर सापडेलच असं नाही.

इथं समाजसेवकाचा कागद येतो. सामाजिक तपासणी अहवाल. समितीनं आदेश दिला की तो १५ दिवसांत द्यायचा असतो. नमुना २२ म्हणून त्याचा छापील फॉर्म आहे : कुटुंबात कोण कोण, नाती कशी, उत्पन्न किती, घर कसं, व्यसन कुणाला, शाळा का सुटली, शेजाऱ्यांचं म्हणणं काय, मुलाची स्वतःची इच्छा काय. फॉर्मवर एकेका प्रश्नाला दोन ओळींची जागा असते. त्या दोन ओळी भरण्यासाठी दोन-दोन गृहभेटी लागतात. समितीनं ते घर पाहिलेलं नसतं, ती ते या कागदातून पाहते. मूल आईबापांकडे जाणार, मामाकडे जाणार की बालगृहात, हे त्या ओळींवर ठरतं.

आपल्याकडे मुलांना संस्थेत ठेवण्याची परंपरा जुनी आहे. १९२४ चा मुंबई बालक कायदा आला, १९२७ मध्ये मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली, डोंगरीचं निरीक्षणगृह तर पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या तोंडी आहे. निराधार मूल म्हणजे आश्रम, ही जोडी त्यामुळे मनात पक्की बसली. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं मात्र स्वच्छ सांगितलं आहे की संस्था हा शेवटचा उपाय. पहिली जबाबदारी आणि पहिली जागा कुटुंबाची. कायद्यातलं हे एक वाक्य प्रत्यक्षात आणायला किती पायपीट लागते, ते मला या हिंडण्यात दिसलं.

उचल, कोयता आणि लग्न

दसरा जवळ आला की बीडच्या गावांत मुकादमांच्या फेऱ्या वाढतात. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबानं उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते. ती फेडायला दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत कारखान्यांच्या पट्ट्यात राहतात. इथं नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, त्याला उचलही तेवढीच. घरातल्या पोराचं लग्न झालं की पुरा कोयता तयार होतो. मुलीचं लग्न लवकर लावण्यामागं तिच्या बापाचं कारण वेगळं असतं.

‘‘लेकीला मागं ठेवू कुणापाशी?’’ एक बाप ताईंना विचारत होता. ‘‘संगं न्यावी तर फडावर कोपीला दार नसतं, मॅडम. आम्ही पहाटं तीनला तोडीला जातो. ती एकटी कोपीत. तुम्ही सांगा मग.’’

ताईंनी त्याला कायदा सांगितला नाही. तो त्याला ठाऊक होता. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे. मुलीचं वय १८, मुलाचं २१, आणि लग्न लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, हे गावोगावच्या फलकांवर रंगवलेलं आहे. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या दर १०० स्त्रियांमागे सुमारे २२ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. बीड, परभणीत हा आकडा ४० च्या वर होता. बापाला धाक कायद्याचाही होता आणि दार नसलेल्या कोपीचाही. दुसरा धाक रोजचा होता.

लग्न थांबवायचं कसं, याची एक घडी बसलेली आहे. १०९८ वर किंवा थेट कुणाच्या तरी मोबाइलवर फोन येतो. बऱ्याचदा फोन करणारी त्या मुलीची मैत्रीण असते. गावपातळीवर ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. त्यांना, अंगणवाडी सेविकेला, पोलीस पाटलांना आणि पोलीस ठाण्याला एकाच वेळी कळवावं लागतं. एकालाच कळवलं तर बातमी मांडवात आधी पोचते. पहिला कागद हवा असतो वयाचा. शाळेतून निर्गम उतारा मिळाला की अर्धं काम झालं, कारण आधारवरची तारीख पुढे करून ‘पोरगी एकोणीसची आहे’ असं सांगितलं जातं. मग आईबाप आणि मुलगी समितीपुढे येतात, अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही असं हमीपत्र लिहून दिलं जातं, वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी येते.

‘‘बातमी येते त्या दिवशी आमचं काम सुरू होतं,’’ ताई म्हणाल्या. थांबवलेलं लग्न पंधरा दिवसांनी पाहुण्यांच्या गावी, देवळात, रात्री लागू शकतं. मांडवाचे, किराण्याचे पैसे गेलेले असतात, पाहुण्यांत नाक कापलं गेलेलं असतं आणि त्याचा राग मुलीवर निघतो. हमीपत्रानंतर त्या मुलीकडे कुणी गेलंच नाही, तर आपण तिला सोडवलं की आणखी अडकवलं, हा प्रश्न उभा राहतो.

म्हणून या ताई दसऱ्याच्या आधीच यादी करायला बसतात. अंगणवाडी सेविकेच्या मदतीनं, गावात कोणती घरं तोडीला जाणार आणि त्यांत तेरा वर्षांपुढच्या मुली किती, हे नावानिशी काढतात. एकेका नावापुढे लिहितात : आजी आहे का, धडधाकट आहे का? शाळा कितवीपर्यंत? आठवीनंतरची शाळा किती लांब? जायला एसटी आहे का? हंगामी वसतिगृह गावात सुरू होणार असेल तर मुख्याध्यापकांना भेटून प्रस्ताव वेळेत गेला का, हे बघतात. टोळी गेल्यावर महिन्यानं वसतिगृह सुरू झालं तर त्याचा उपयोग नाही, तोवर पोरगी फडावर पोचलेली असते. थोरल्या मुलींसाठी तालुक्याच्या वसतिगृहात जागा शोधतात. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी राज्यानं संत भगवानबाबांच्या नावानं वसतिगृह योजना सुरू केली आहे, तिचे अर्ज भरून घेतात.

त्या बापाच्या प्रश्नाला उत्तर मिळालं ते असंच. मुलीची मावशी शेजारच्या गावात राहायची. तिच्या घरी मुलीला ठेवायचं, दहावीपर्यंतची शाळा त्याच गावात, आणि दर महिन्याला ताईंची एक चक्कर. मावशीला खर्चाला हातभार लागेल म्हणून उचलीतून थोडे पैसे. बाप लगेच हो म्हणाला नाही. मावशीच्या घराला दार कसं आहे, शेजारी कोण आहे, हे स्वतः बघून आला आणि मग म्हणाला, ठीक आहे. बापाच्या मनातली भीती खरी आहे असं धरून चाललं, तरच त्याच्याशी पुढचं बोलणं होतं.

एकाच खाटेवर दोन बालकं

सगळी लग्नं थांबत नाहीत. न थांबलेलं लग्न काही महिन्यांनी ग्रामीण रुग्णालयाच्या तपासणीत सापडतं. सोळा वर्षांची मुलगी, सातवा महिना. वय लिहिलं की डॉक्टरांना पोलिसांना कळवावंच लागतं. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ मध्ये त्यातून सूट नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की अठराच्या आतल्या पत्नीशी शरीरसंबंध हा बलात्कारच. त्यामुळे नवऱ्यावर गुन्हा दाखल होतो, अनेकदा सासू-सासऱ्यांवर आणि मुलीच्या आईबापांवरही.

अशा एका मुलीच्या खाटेशी ताई बसल्या होत्या. तिची समजूत अशी की दवाखान्यात आल्यामुळे नवऱ्याला पोलिसांनी नेलं. आपण आलोच नसतो तर बरं झालं असतं. ती ताईंकडे बघत नव्हती. ताईही काही सांगत नव्हत्या. बराच वेळ त्या तिच्या केसांतला गुंता सोडवत राहिल्या. मग मुलगी एवढंच म्हणाली, ‘‘आता माझं बाळंतपण कोण करणार?’’

कायद्याच्या नजरेत ही मुलगी बालक आहे, आणि जन्मल्यावर तिचं बाळही बालक. दोघांची काळजी समितीच्या यादीत येते. पहिला प्रश्न राहायचा. सासर दारात उभं करत नाही, माहेर गुन्ह्यात अडकलेलं. बालगृहात ठेवलं तर बाळंतपणाचं काय? दुसरा प्रश्न बाळाचा. ते ठेवायचं की समितीकडे सोपवायचं, हे त्या मुलीनं ठरवायचं असतं, आणि सोपवलं तरी फेरविचाराला कायद्यानं दोन महिने दिलेले आहेत. या दोन महिन्यांत तिच्याशी कोण कसं बोलतं, यावर सगळं असतं. घरचे म्हणतात, देऊन टाक, तुझं लग्न दुसरीकडे लावू. समाजसेवकाचं काम असं की तिला दोन्ही वाटा खऱ्याखुऱ्या दाखवायच्या : बाळ ठेवलंस तर महिन्याला किती मदत मिळेल, शाळा पुन्हा कशी सुरू होईल, कुणाचा आधार आहे; सोपवलंस तर पुढे काय होतं, दत्तकविधान कसं चालतं. एक वाट आधीच बंद करून मग ‘तुझं तू ठरव’ म्हणणं म्हणजे तिचं आपणच ठरवून टाकणं.

बाळ झाल्यावर रुग्णालयातून निघताना त्या मुलीनं ताईंचा मोबाइल नंबर आईच्या फोनमध्ये भरून घेतला. नंबर आहे तोवर वाट आहे, असं ताई मानतात. म्हणून बदली झाली, कंत्राट बदललं, तरी त्यांनी नंबर बदललेला नाही.

घरचाच माणूस

सगळ्यात अवघड गृहभेट असते ती धोका घरातच असलेल्या घराची. अत्याचार करणारा अनोळखी असेल तर कुटुंब मुलाच्या बाजूनं उभं राहतं. तो काका, सावत्र बाप, आजोबा असेल तर कुटुंब दुभंगतं, आणि तो कमावता असेल तर चूल थंडावते.

पोक्सो कायद्यानं मुलासाठी बऱ्याच तरतुदी केल्या आहेत. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा जागी घ्यायचा, शक्यतो महिला उपनिरीक्षकानं, गणवेश न घालता. साक्षीच्या वेळी आरोपी मुलाच्या नजरेला पडू द्यायचा नाही. मुलाला एक सहायक व्यक्ती द्यायची. हे काम अनेकदा समाजसेवकाकडे येतं. सहायक व्यक्ती वकील नसते, ती बाजू मांडत नाही. ती मुलीला आधी एकदा रिकामं न्यायालय दाखवून आणते, कोण कुठं बसतं, तू कुठं बसशील, पाणी कुठं मिळेल ते सांगते. ‘आठवत नाही’ हेही उत्तर असतं, ते दिलेलं चालतं, हे सांगते. तारीख पुढे गेली की फोन करून कळवते, नाहीतर मुलगी शाळा बुडवून, छातीत धडधड घेऊन येते आणि तशीच परत जाते. साक्ष ३० दिवसांत आणि खटला शक्यतो वर्षाच्या आत संपावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात आणि त्या लांबलेल्या काळात घर मुलीवर दाब टाकत राहतं.

एका घरात आजी रोज नातीला म्हणायची, तुझ्यामुळं माझा पोरगा आत गेला. आई मधे सापडलेली. मुलीनं खरं सांगितलं हे तिला ठाऊक होतं, पण भाडं तीन महिन्यांचं थकलं होतं. अशा वेळी मुलीनं जबाब फिरवला तर लोक म्हणतात, बघा, खोटंच होतं. ती का फिरली हे विचारायला त्या घराच्या स्वयंपाकघरात कुणी जात नाही. ताई तिथं गेल्या त्या खटल्याबद्दल बोलायला नव्हे. रेशनकार्डावर आईचं नाव कुटुंबप्रमुख म्हणून लागावं, तिला शाळेत पोषण आहार शिजवायचं काम मिळतं का, नुकसानभरपाईचा अंतरिम अर्ज विधी सेवा प्राधिकरणात गेला का, यासाठी गेल्या. आई पायावर उभी राहिली तर मुलगी आपल्या शब्दावर उभी राहते.

बाईला आधार दिला की मूल वाचतं, ही समज महाराष्ट्रातल्या समाजकार्यात खोल रुजलेली आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेनं १९८४ मध्ये मुंबई पोलिसांच्या जोडीनं महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तो याच विचारातून. पोलीस ठाण्याच्या आवारात समाजसेवक बसणार, तक्रार लिहून घेण्याआधी आणि नंतरही बाईचं ऐकून घेणार. आज राज्यातल्या अनेक जिल्ह्यांत हे कक्ष आहेत.

सव्वादोन हजारांचा टेकू

या विशेष कक्षाच्याही कितीतरी आधी, १८६३ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवेला गुपचूप, सुरक्षित बाळंत होता आलं तर बाळाचा जीव घ्यायची वेळ तिच्यावर येणार नाही, इतका सरळ विचार त्यामागे होता. तिथं आलेल्या काशीबाईंचा मुलगा यशवंत फुले दांपत्यानं दत्तक घेतला. राज्याच्या बालसंगोपन योजनेला आज सावित्रीबाईंचं नाव आहे आणि ते शोभतं. आई किंवा बाप गेलेल्या, दुर्धर आजारात किंवा फारकतीत अडकलेल्या घरातल्या मुलासाठी या योजनेतून महिन्याला २,२५० रुपये मिळतात. २०२३ च्या आधी ही रक्कम १,१०० होती. केंद्राच्या मिशन वात्सल्य या बाल संरक्षण योजनेतल्या प्रायोजकत्वातून पात्र मुलाला महिन्याला ४,००० रुपये मिळू शकतात.

सव्वादोन हजारांत मूल वाढत नाही. पण त्यात त्याची एसटी, वह्या, दूध, आजारपणातलं औषध भागतं, आणि ‘हे लेकरू आम्हाला जड झालंय’ असं म्हणायच्या काठावर आलेलं घर थोडं मागे सरतं. अडचण अर्जाची आहे. पालकाच्या मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, मुलाचं आणि पालकाचं आधार, शाळेचं बोनाफाईड, बँकेचं पासबुक, आणि घरासमोर मुलासह उभं राहून काढलेला फोटो. नवरा कारखान्यावर वारला तर मृत्यूची नोंद दुसऱ्या जिल्ह्यात असते. त्या एका दाखल्यासाठी बाईला दोन दिवसांची मजुरी आणि जाण्यायेण्याचं भाडं मोडावं लागतं. नवरा सोडून गेला असेल तर दाखला मागायचा कशाचा? हे सगळे कागद जुळवून देणं म्हणजे कारकुनी, असं बाहेरून वाटतं. ताईंच्या पिशवीत मात्र कायम कोरे अर्ज, गोंद, शाईचं पॅड आणि स्टेपलर असतो.

लेखाच्या सुरुवातीला ज्या तीन भावंडांचं घर आलं, त्यांचं असं झालं. समितीपुढे अहवालात ताईंनी लिहिलं की मुलांनी घरीच राहावं. तिघांचे बालसंगोपनाचे अर्ज भरले. खातं काढताना आजीचं नाव पालक म्हणून लावलं, बापाचं नाही. आजीच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सरकारी शिबिरात झालं. ते झाल्यावर स्वयंपाक आजीकडे आला आणि मुलगी शाळेत जायला लागली. धाकट्याला अंगणवाडीत घातलं. बापाला व्यसनमुक्तीला धाडायचा प्रयत्न अजून चालू आहे, तो दोनदा मधूनच परत आला. दर महिन्याला घरी जायचं, असं समितीच्या आदेशात आहे. एखाद्या भेटीत घराचा रंग बदललेला दिसला तर मुलांना हलवावंही लागेल, हे ताई जाणून आहेत. घरावर विश्वास टाकायचा आणि डोळेही उघडे ठेवायचे.

राखणाऱ्यांची राखण

बीड जिल्ह्यात ११ तालुके आहेत. मिशन वात्सल्यच्या आकृतिबंधानुसार जिल्हा बाल संरक्षण कक्षात समाजसेवक दोन आणि क्षेत्र कार्यकर्ते दोन. संरक्षण अधिकारी, विधी तथा परिविक्षा अधिकारी, समुपदेशक यांची पदं वेगळी आहेत, पण घरोघर जायचं काम मुख्यतः या चौघांवर पडतं. नेमणूक कंत्राटी. समाजसेवकाचं मानधन महिन्याला सुमारे १८,५०० रुपये, क्षेत्र कार्यकर्त्याचं सुमारे १०,६००. समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. झालेला माणूस या पगारावर किती वर्षं टिकेल? भारतात समाजकार्याचं शिक्षण देणारी पहिली संस्था १९३६ मध्ये मुंबईतच उभी राहिली, तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था १९६३ पासून माणसं घडवते आहे. शिकलेली माणसं आपल्याकडे आहेत. ती या कामात राहत नाहीत, कारण आपण त्यांना राहू देत नाही.

त्याची किंमत मूल मोजतं. आपल्यावर काय झालं हे एका मुलीनं तीन भेटींनंतर एका ताईंना सांगितलं आणि पुढच्या महिन्यात त्या ताईंचं कंत्राट संपलं, तर नव्या बाईपुढे तिनं ते पुन्हा पहिल्यापासून सांगायचं. काही मुली दुसऱ्यांदा सांगत नाहीत. बाल संरक्षणात ओळख हेच हत्यार आहे आणि ओळख व्हायला वर्षं लागतात. हमीपत्र दिलेल्या बापाला दर महिन्याला दारात तोच चेहरा दिसला पाहिजे. नवा माणूस, नवी फाइल, पुन्हा तेच प्रश्न, असं झालं की घर दार लावून घेतं.

कामाचं ओझं मनावरही येतं. एका क्षेत्र कार्यकर्त्यानं सांगितलं, एका बाळाचा मृत्यू पाहिल्यावर महिनाभर आपल्या स्वतःच्या मुलाला रात्री सारखं उठून बघायचो, श्वास चालतोय ना. हे कुणाशी बोलायचं? रुग्णालयात, पोलिसात जशी रजा असते तशी इथं हक्काची विश्रांती नाही, आणि वरिष्ठांबरोबर बसून प्रकरणांची नीट चर्चा करायला ठरलेला वेळही नाही. जी चर्चा होते ती तक्ते भरून झाले का याची.

गावागावात ग्राम बाल संरक्षण समिती आहे. सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सचिव. जिथं ती खरोखर बसते, तिथं ताईंचं काम निम्मं हलकं होतं, कारण कुठल्या घरात लेकरू उपाशी आहे आणि कुठल्या घरात पत्रिका छापायला दिली आहे, हे गावाला आधी कळतं. जिथं ती फक्त सह्यांच्या वहीत आहे, तिथं ताई एकट्या पडतात. आपल्या गावातली, प्रभागातली समिती शेवटची कधी बसली, हे विचारायला कुणाची परवानगी लागत नाही. ग्रामसभेत एवढा एक प्रश्न आला तरी पुढच्या महिन्यात बैठक लागते. शेजारच्या घरातलं मूल अडचणीत आहे असं वाटलं तर १०९८ वर फोन करता येतो, नाव गुप्त ठेवता येतं. तो फोन करताना ‘त्याला आश्रमात टाका’ असं न म्हणता ‘त्या घराकडे जरा बघा’ असं म्हणता आलं, तर ऐकणाऱ्यालाही दिशा मिळते.

सरकारकडे मागायचं ते साधं आहे. गृहभेटी करणारी पदं तालुक्यागणिक असावीत, कायम असावीत, प्रवासाचा खर्च वेळेवर मिळावा, बालसंगोपनाचे पैसे दर महिन्याला खात्यात पडावेत आणि हंगामी वसतिगृह टोळी निघण्याआधी उघडावं. यातल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही. कायदा चांगला आहे. कुटुंब ही मुलाची पहिली जागा, हे त्यात लिहिलेलंच आहे. ते घर मुलाला राहण्याजोगं व्हावं म्हणून त्याच्या उंबऱ्यावर पुन्हा पुन्हा जाणाऱ्या माणसाची नोकरी जोवर अकरा-अकरा महिन्यांच्या कंत्राटावर लटकलेली आहे, तोवर मुलाची राखण आपण नशिबावर सोडली आहे. ती तशी सोडायची नसेल, तर त्या माणसाला त्या वाटेवर टिकवणं हे आपलं पहिलं काम आहे.